महाराजांची दुसरी लेक

प्रवासावर लिहायचं तर माणसानं निदान समुद्र तरी ओलांडलेला असावा, असा आमच्या वाचनालयातल्या मंडळींचा समज आहे. मी आमच्या अकोल्याची मोर्णा नदी ओलांडली. अकोल्याहून मूर्तिजापूर, तिथून अमरावती, तिथून कौंडण्यपूर आणि परत घरी, एवढाच माझा प्रवास. हसायचं तर हसून घ्या. माझं माहेर मूर्तिजापूरचं, सासर तेल्हाऱ्याचं, शाळेत मराठी शिकवण्यात उभा जन्म गेला तो अकोल्यात. हा रस्ता मी इतक्यांदा केलाय की खड्डा यायच्या आधीच माझा हात वरच्या दांडीकडे जातो. पण या खेपेला गाडीच्या मागच्या सीटवर मणिपूरहून आलेले एक गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या तोंडी त्यांच्या देशाचा एक राजा होता. त्या दोघांमुळे माझा रोजचा रस्ता मला परका झाला, म्हणून हे लिहिणं.

अकोला

मेमचा ही त्या गृहस्थांची एकुलती एक मुलगी. बारावी झाल्यावर शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी अमरावतीला आली, तिथंच शिकली आणि आता अकोल्यात एका शाळेत खेळ शिकवते. जुन्या शहरात आमच्या गल्लीतच तिची खोली. चार घरच्या बायकांत बसून ती अशी वऱ्हाडी बोलते की डोळे मिटले तर पोरगी बाळापूरची वाटावी. माझा मुलगा निशांत कृषी खात्यात आहे. या दोघांनी एकमेकांना पसंत केलं. मी एक दिवस रुसले, आमचे हे दोन दिवस गप्प राहिले, मग आम्ही दोघांनीही होकार दिला.

आणि वाट बघत बसलो. मुलीकडचे येतील, पोहे खातील, घरदार बघतील, बोलणी होतील. कोणी आलं नाही. त्यांच्याकडे गेली काही वर्षं फार वाईट दिवस आहेत, ते पेपरात वाचून आम्ही समजून घेत होतो. पण साधा एक फोनही नाही? मला राग येई. "एवढा कसला ताठा म्हन्तो मी!" हे माझं रोजचं वाक्य झालं होतं.

मग माघात एक दिवस मेमचाचा चेहरा उतरलेला दिसला. वडील येताहेत, म्हणाली. मला आनंदच झाला. तर ती म्हणाली, "मावशी, ते बोलनी कराले नाई येऊन राहिले. मले न्याले येऊन राहिले. कायमचं."

तिच्या वडिलांना तिकडे सगळे ओजा म्हणतात. ओजा म्हणजे गुरुजी. ते पुंग वाजवतात. पुंग हा तिकडचा मृदंग, रासनृत्यात वाजतो. सडसडीत अंग, पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर पांढरी चादर आणि नाकाच्या शेंड्यापासून कपाळापर्यंत चंदनाची सरळ उभी रेघ. आमच्या दारात ते उभे राहिले आणि मी निरांजन घेऊन पुढे झाले. औक्षण केलं आणि आपल्या रीतीप्रमाणे कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं, नेमकं त्या चंदनाच्या मधोमध. ओजा आत गेले, तोंड धुतलं, पिशवीतून चंदनाची वडी काढली आणि अर्धा तास बसून रेघ पुन्हा ओढली. मी स्वयंपाकघरात धुमसत होते. आमचं कुंकू पुसलं की हो! मेमचानं नंतर सांगितलं की ती रेघ म्हणजे देवाचं पाऊल, आणि पावलावर पाऊल पडलं तर माणूस काय करणार. मग मात्र माझी मलाच लाज वाटली.

जेवायला मी मुद्दाम बेताचं केलं होतं. पाहुण्याला आपलं तिखट सोसायचं नाही म्हणून फिकं वरण, बिनमिरचीची वांग्याची भाजी. ओजांनी दोन घास खाल्ले, मेमचाकडे पाहिलं, मग धोतराच्या ओच्यातून कागदाची पुडी काढली. आत वाळलेली मिरची होती. ती त्यांनी वरणात चुरली. आमच्या ह्यांनी कौतुकानं चिमूटभर मागून घेतली आणि नंतर बराच वेळ मोरीजवळ उभे होते. ओजा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

आमचे हे एसटीत चालक होते. माणूस कमी बोलतो, पण गाडी चालवायची म्हटलं की निवृत्ती विसरतो. जाण्याआधी रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर बघायचंय, एवढी एकच इच्छा ओजांनी बोलून दाखवली होती. ह्यांनी लगेच गाडी धुवायला काढली. निशांतला खात्याच्या कामानं तेल्हाऱ्याला थांबावं लागलं. खरं तर मीच म्हटलं, तू नको येऊस, तुला पाहिलं की म्हाताऱ्याचं तोंड बंद होतं. ओजांची परतीची रेल्वेगाडी रविवारी होती. तोवर त्यांचं मन वळलं तर वळलं, नाहीतर पोर गेली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे

इथं चाक बसलं. हे जॅक काढून कामाला लागले आणि आम्ही तिघं एका कडुलिंबाखाली बसलो. दोन्ही बाजूंना वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती, बोंडांत कुठं कुठं कापूस चिकटलेला. ओजांनी एक बोंड तोडून हातात फिरवलं. मग शेजारच्या खांबावरची गावाच्या नावाची पाटी बघून काहीतरी पुटपुटले.

"काय म्हन्ते?" मी विचारलं.

"म्हन्ते, आमचा महाराजही असाच परक्या मुलखात झाडाखाली बसला होता."

कोण महाराज, ते मग कळलं. मैतेई, म्हणजे मेमचाच्या लोकांचा हा राजा, इकडे पेशवाई होती त्या काळातला. मैतेई राजांना दोन-दोन नावं असतात, एक आपल्या भाषेतलं आणि एक संस्कृत वळणाचं. ओजा मात्र दोन्हींपैकी एकही घेत नाहीत, नुसतं महाराज म्हणतात, तर मीही तेच म्हणते. ओजा मैतेईत सांगत आणि मेमचा आमच्यासाठी वऱ्हाडीत. म्हणून या लेखातला राजा वऱ्हाडी बोलतो, त्याला माझा इलाज नाही.

"पोरसवदा व्हता तवाच गादीवर बसला. ब्रह्मदेशाची फौज आली. घरचाच माणूस फितूर झाला, मामा का कोन. राज्य गेलं. महाराज डोंगर उतरून आसामच्या राजाकडे गेला. तो राजा म्हने, तू खराच महाराज कशावरून? मणिपूरहून कोनी कळवून ठेवलं व्हतं का हा बहुरुपी हाय म्हनून. मंग तठल्या राजानं एक पिसाळलेला हत्ती सोडला. म्हने, खरा राजा असशीन तं याले आवर."

"बाप्पा! मंग?"

"मंग आदल्या राती सपनात गोविंद आला. म्हने, भिऊ नको, हातात माळ घेऊन जा. पन एक काम कर. तुह्या देशात एका टेकडीवर फनसाचं झाड हाय, त्याच्या लाकडाची माही मूर्ती कर. सकाळी सारं गाव पाहाले जमलं. महाराज निसता माळ घेऊन उभा राहिला अन् हत्ती गुडघ्यावर बसला."

हे चाकाचे नट आवळता आवळता थांबले होते. "अन् राज्य भेटलं का वापस?" त्यांनी तिकडूनच विचारलं.

"लगेच नाई, काका. एकदा फौज घेऊन निघाले तं जंगलातच माणसं खपली. परत गेले, परत आले. लय वर्षं लागली."

ओजा ह्यांच्याकडे पाहून हातानं खाणाखुणा करत होते: पडायचं, उठायचं. ह्यांनी मान डोलावली. मूर्तिजापुरात शकुंतला गाडीचे अरुंद रूळ गवतात बुडालेले दाखवले, तेव्हा ओजा वाकून त्यावर हात ठेवून उभे राहिले. लहानपणी मी याच गाडीनं मामाकडे जायची. त्यांच्या गावापर्यंत रूळ अजून पोचलेच नाहीत, आणि आमचे असून मोडीत निघाले.

अमरावती

अंबादेवीच्या देवळात संध्याकाळची गर्दी होती. रुक्मिणी देवीच्या दर्शनाला आली आणि कृष्णानं तिला इथून पळवलं, हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत असतं. कौंडण्यपूरहून इथवर भुयार आहे असंही सांगतात. भुयार कोणी पाहिलेलं नाही, पण नाही म्हणायची कोणाची छाती नाही. कृष्ण म्हणजे आमचा जावई. देव म्हणून हात जोडतो आणि जावई म्हणून दोन शब्द सुनावतोही. हे ओजांना सांगितल्यावर ते थक्क झाले. गोविंद त्यांचा धनी. त्याच्या नावानं त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याला कोणी सुनावू शकतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बाहेर कट्ट्यावर बसून मी मेमचाला म्हटलं, "त्या फणसाच्या झाडाचं काय झालं, इचार न."

राज्य स्थिरावलं, महाराजांनी झाड शोधलं, मूर्ती घडवली. पहिली काही स्वप्नातल्यासारखी उतरली नाही, ती दुसऱ्या देवळात बसवली. शेवटी हवी तशी झाली. मग पुन्हा एका स्वप्नात गोविंदाचा रास दिसला, तो जागेपणी बसवायला घेतला. पेहराव, पावलं, पुंगाचे बोल, सारं महाराजांनी जातीनं पाहिलं. हे सांगताना ओजांची बोटं मांडीवर वाजत होती. पण राधा कोणाला करायचं? महाराजांनी आपली लेक उभी केली.

"अन् ते लेक मंग जलमभर गोविंदाचीच राहिली," मेमचा हळूच म्हणाली. "लगन नाई केलं."

"अन् महाराज?"

ओजांनी हात आडवा हलवला. पुढं सांगायचं नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला कळलं की मला उत्तर मिळालं आहे. राजानं लेक देवाला दिली, परक्या घरी दिली नाही. मी पदर सावरून उठले. त्या संध्याकाळी माझ्या भावाच्या रिकाम्या घरी उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिला वडा खायला गेलो. अमरावतीत येऊन गिला वडा न खाता गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. दह्यातला वडा, वर हिरव्या मिरचीचा मारा. ओजांनी एक संपवून दुसरा मागवला. त्यांना असं खुशीत खाताना बघून माझा बांध फुटला. म्हणजे बघा, आपल्या पोटात आग आणि समोरचा वडे खातोय!

"मेमचा, इचार यायले," मी म्हटलं, "आमी एवढे दिवस वाट पाह्यली. एक डाव आले नाईत, एक फोन नाई. अन् आता आले तं पोरगी घेऊन जाले? आमी का मानसं नाई?"

मेमचा खाली बघून बसली. "मावशी, मी नाई सांगू शकत."

"सांग," आमचे हे म्हणाले. ते असा एकच शब्द बोलतात तेव्हा ऐकावं लागतं.

तिनं सांगितलं. ओजांच्या हातातला चमचा थांबला. मग ते असे काही बोलायला लागले की शेजारच्या टेबलावरचे वळून बघू लागले. मेमचाचे डोळे मोठे होत गेले.

"पाबुंग म्हन्ते," पाबुंग म्हणजे बाबा, "मी येऊ? मुलीचा बाप मुलाच्या दारात जाईन? माही लेक का कोनाले नको झाली हाय? आमच्यात मुलाचे मायबाप मुलीच्या घरी येते. फळं घेऊन येते. एकदा नाई, तीनदा येते. पोरगी पळून गेली तरीबी दुसऱ्या दिवशी मुलाकडचे येऊन बापाले सांगते, तुही लेक आमच्या घरी सुखरूप हाय. मी उंबऱ्यावर बसून वाट पाह्यली. म्हन्लं, कशी मानसं हायेत, येत नाई, मागत नाई, फळाची एक फोडबी नाई. मंग म्हन्लं, अशायच्या घरी लेक काहून ठेवू?"

आणि आमचे हे, जे हसताना आवाज करत नाहीत, ते टेबलावर थाप मारून हसायला लागले. "घ्या! ते तठी वाट पाहून राहिले, आपन अठी!"

"अन् तू?" मी मेमचावर घसरले. "तुले दोनीकडचं ठाऊक. तुह्या तोंडात काय मिठाची गुळणी व्हती?"

"मी काय सांगू, मावशी?" तिचा आवाज कापत होता. "तुमाले म्हनू का मले मागाले चाला? का त्यायले म्हनू का मले देयाले चाला? मले वाटलं, तुमाले मी मनातून नको हाय, अन् पाबुंगले निशांत नको हाय. अठी येऊन मी खेळ शिकली. लगनाच्या रीती कोन शिकवते?"

पोर खरं बोलत होती. असं वाटलं तिला तिथंच जवळ घ्यावं, पण हातांना दही लागलं होतं.

वाटलं, आता झालं. पण ओजा हसले नाहीत. त्यांनी हात धुतले आणि म्हणाले की घरी सगळ्यांना सांगून आलोय, लेक घेऊन येतो म्हणून. म्हातारा माणूस शब्द किती वेळा फिरवणार? रुक्मिणीचं गाव बघू आणि परत जाऊ.

कौंडण्यपूर

तिवशाच्या वाटेवर मी गाडी थांबवली. रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग लागले होते. ह्यांना वाटलं घरी न्यायला घेतेय, म्हणून ते घासाघीस करायला उतरले. मी म्हटलं, आज भाव करायचा नाही. एक वेताची टोपली विकत मागितली, तर विकणारी बाई म्हणाली, तशीच घेऊन जा. चांगली सालीला चमक असलेली, देठाला पान असलेली संत्री मी एकेक निवडून भरली. मागच्या सीटवर ओजा समोर बघत होते आणि मेमचा खिडकीबाहेर.

कौंडण्यपूर काही भव्य नाही. पुणे-मुंबईकडून येणाऱ्यानं मोठी अपेक्षा ठेवून येऊ नये. वर्धा नदीचं रुंद पात्र, काठावर उंचवटा, वर रुक्मिणीचं देऊळ. माघात नदी अंग चोरून वाहते. पायऱ्या चढताना ओजांचा श्वास लागला, तेव्हा ह्यांनी आपला खांदा पुढे केला आणि ओजांनी तो घेतला.

दर्शन झालं. ओजा नदीकडे तोंड करून उभे राहिले. मग त्यांनी काहीतरी विचारलं, मेमचानं ते जसंच्या तसं सांगितलं: "पाबुंग म्हन्ते, आमी जलमभर राधेचा रास वाजवला, रुक्मिनीच्या बापाचा इचार कधी आलाच नाई. तिले गोविंद घेऊन गेला, तवा तिचा बाप कोठी उभा व्हता?"

मी शाळेत किती वर्षं ही गोष्ट सांगितली असेल. रथ सांगितला, भावाशी झालेली लढाई सांगितली. बाप कुठे होता, हे ना मी कधी सांगितलं, ना कोण्या पोरानं विचारलं. "मले नाई ठाऊक," मी म्हटलं. "त्याले कोनी इचारलंच नसन."

ओजांनी मान हलवली. आणि मला वाटलं, हीच वेळ.

मी टोपली उचलली. वयाप्रमाणे गुडघे दुखतात, तरी खाली बसले. टोपली त्यांच्या पायांपुढं ठेवली, डोक्यावर पदर घेतला. आमचे हे माझ्या बाजूला येऊन उभे राहिले; त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी पायातली चप्पल काढली.

"दादा," मी म्हटलं, "आमच्या रुक्मिनीच्या बापाले कोनी इचारलं नाई. तुमाले मी इचारून राहिली. तुमची लेक आमाले द्या. आमच्यात अशी मागाची रीत नाई, म्हनून चुकलं. पन ते आमच्या घरात आली तं लेकीसारखी राहीन, हे मी या माउलीच्या दारात सांगतो."

मेमचानं सांगायला तोंड उघडलं आणि तिला ते जमेना. स्वतःचीच मागणी स्वतःच्या तोंडानं बापाला कशी सांगणार? ती तोंडावर ओढणी घेऊन पायरीवर बसली. पण ओजांनी टोपली बघितली, माझा पदर बघितला, ह्यांचे अनवाणी पाय बघितले. सांगायचं काही उरलंच नव्हतं.

ते माझ्यासमोर खाली बसले. मग बोलू लागले आणि मेमचानं डोळे पुसत पुसत आमच्या भाषेत आणलं.

"काल तुमी इचारलं, मंग महाराजाचं काय झालं. महाराजानं गादी पोराले देल्ली अन् गंगेकाठच्या तीर्थाले निघाला. राधा झाली व्हती ते लेक संग घेतली. वाटेत त्रिपुराचा मुलूख लागला. तठल्या राजानं महाराजाची दुसरी लेक मागतली. आमच्यात असं सांगते, का महाराजानं ते देल्ली. अन् लेकीले एकटं वाटू नोय म्हनून देवाची मूर्तीबी संग देल्ली. मंग पुढं चालला गेला. गंगेकाठीच देह ठेवला, वापस आलाच नाई." मेमचा थांबली.

"अन्?"

"पाबुंग म्हन्ते, हे दुसऱ्या लेकीचं मी काल मुद्दाम नाई सांगतलं." ती हुंदका देऊन हसली. "म्हन्ते, मागनारा दारात आला तं राजालेबी नाई म्हनता येत नाई."

मी रडले, सांगायला कसली लाज? ओजांनी टोपलीतलं एक संत्रं घेतलं, सोललं, पहिली फोड लेकीला दिली, दुसरी मला. मग मला बोट दाखवून दोन बोटं वर केली. अजून दोनदा यायचं, आणि तेही इंफाळला, त्यांच्या दारात. तिथं त्यांच्या बहिणी आहेत, त्यांनी बघायला हवं. आमचे हे म्हणाले, "गाडी घेऊन जाऊ." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुढं काही बोलले नाहीत.

पुन्हा अकोला

रविवारी फलाटावर निशांतही आला. ओजांच्या पाया पडला, त्यांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्या डोक्यावर बोटांनी पुंगाचे दोन-तीन बोल हळूच वाजवले. पोरगा लाजून लाल झाला.

दोन जागा राखलेल्या होत्या. एकीवर ओजा बसले, शेजारी लेकीच्या जागेवर त्यांनी संत्र्यांची टोपली ठेवली आणि ती हलू नये म्हणून तिच्याभोवती आपली पांढरी चादर गुंडाळली. एवढ्या लांब ती संत्री टिकणार नाहीत, मी म्हटलं. मेमचा म्हणाली, टिकायची गरज नाही, फक्त घरच्यांना दिसली पाहिजेत, कोणीतरी मागायला आलं होतं म्हणून.

गाडी सुटताना ओजा खिडकीशी वाकले. आमच्याकडे पाहुणा निघताना बायका ‘पुन्हा या’ अशा अर्थानं जे म्हणतात, ते त्यांनी या दिवसांत कुठंतरी ऐकून ठेवलं होतं.

"येजा, बाई," ते मला म्हणाले. "येजा."